आरोप आईवर, तपासणी फक्त मुलाची

मुलाला हिमोफिलिया निघाला की घरचे पहिला प्रश्न विचारतात, हे आलं कुठून? उत्तर तयारच असतं: तिच्या माहेरून. माझा भाचा रांगायला लागला आणि त्याचे गुडघे काळेनिळे पडून टम्म सुजायला लागले. रक्त गोठवणारा फॅक्टर एट जवळजवळ नाहीच, असा रिपोर्ट आला. त्याच संध्याकाळी माझ्या बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या खानदानात असलं काही नव्हतं." या वाक्याने माझं डोकं आजही तडकतं.

या फॅक्टरचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स मिळतो एकच, तो आईकडून. त्यात बिघाड असला तर भरपाईला दुसरा नाही. एवढं कळलं की मंडळी कान मिटतात. पुढचं त्यांना नको असतं. जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कधी नसतोच. तीव्र हिमोफिलिया ए मध्ये सर्वांत जास्त सापडणारी जनुकाची उलटापालट तर बहुतेक वेळा पुरुषाच्या शुक्रपेशी तयार होताना घडते. म्हणजे आईला हा बिघाड अनेकदा तिच्या बापाकडून आलेला असतो, तोही धडधाकट बापाकडून. त्या बापाला कुणी चार शब्द सुनावल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण माझा खरा राग डॉक्टरांवर आहे. "आई फक्त वाहक आहे, तिला स्वतःला काही त्रास नसतो," हे साफ खोटं आहे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद पडतो, हे जनुकशास्त्रज्ञ मेरी लायनने 1961 मध्ये मांडलं. चांगला एक्स जास्त पेशींत बंद पडला तर तिचाही फॅक्टर घसरतो. तो 40 टक्क्यांच्या खाली गेला की तो सौम्य हिमोफिलियाच, मग रुग्ण बाई का असेना.

माझी बहीण पाळीच्या रात्री दोन पॅड लावून, खाली जुनी चादर अंथरून झोपायची. वर्षानुवर्षं तिला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि "काहींना जास्त जातं" म्हणून घरी पाठवलं. दाढ काढली तर रक्त थांबेना. गरोदरपणात फॅक्टर एट वाढतो आणि बाळंतपणानंतर उतरतो. तिला नेमका तेव्हाच, घरी आल्यावर, प्रचंड रक्तस्राव झाला. जीव जाता जाता वाचला. तरीही तिचा फॅक्टर मोजायला मुलगा शाळेत जाईपर्यंत थांबावं लागलं. तो तीसच्याही खाली निघाला.

आता भाचीचा प्रश्न आहे. आईचा बिघडलेला एक्स तिच्याकडे आला असण्याची शक्यता निम्मी. पाळी सुरू व्हायच्या आत तिचा फॅक्टर मोजा, जनुकाची तपासणी करा, म्हणून मी भांडते आहे. "पुढे स्थळं येणार नाहीत," असं मला सांगितलं जातं. मुलीच्या रक्तापेक्षा स्थळाची काळजी करणाऱ्यांशी मी गोड बोलणार नाही. पुढच्या आठवड्यात तिला मीच लॅबमध्ये घेऊन जाणार आहे.