मूल ‘मी’ कधी म्हणणार?

पैठणहून एका भगिनीने आम्हाला विचारले आहे. मुलगा अडीच वर्षांचा झाला. तहान लागली की ‘तुला पाणी पाहिजे’ म्हणतो. ‘मी’ क्वचितच म्हणतो, आणि म्हटलेच तर ‘मी जाते’! शेजारणी हसतात, सासूबाई म्हणतात पोर खुळे निघाले. नवरा एम.आय.डी.सी.त पाळीवर असतो, त्यामुळे मूल दिवसभर आईपाशीच.

भगिनींनो, मूल खुळे नाही. भाकर कुणीही म्हटली तरी भाकरच राहते. ‘मी’चे तसे नाही, तो बोलणाऱ्याबरोबर बदलतो. आई ‘तुला पाणी पाहिजे का?’ विचारते आणि पाणी येते. मुलाने तेच शब्द धरले. ‘मी जाते’ हेही आईचेच. वंदनेतल्या ‘गच्छामि’त ‘मी’ आतच असतो, आणि बाई म्हणो की पुरुष, शब्द एकच. मराठीत तसे चालत नाही, हे पोराला अजून कळायचे आहे. त्यासाठी त्याला ‘बायल्या’ म्हणून चिडवू नये. तिसऱ्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलांची ही गफलत आपोआप सुटते.

‘तू नाही, मी म्हण’ असे दटावले तर मूल ‘मी म्हण’ एवढेच म्हणते. त्यापेक्षा त्याचा हात त्याच्याच छातीवर ठेवून, त्याच्या वतीने ‘मला पाणी पाहिजे’ म्हणावे आणि पेला द्यावा. त्याहून चांगले म्हणजे मुलासमोर दोघांनी बोलावे. ‘चहा कुणाला?’ ‘मला.’ ‘ही चप्पल कुणाची?’ ‘माझी.’ ‘मी’ एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे त्याला तेव्हा दिसते. बापाने पाळीवरून आल्यावर यासाठी दहा मिनिटे बसावे. मोबाईल मुलाला उत्तर देत नाही. काही घरांत दोन वर्षांचे मूल त्रिसरण घडाघडा म्हणते. कौतुक जरूर करावे, पण पाठ म्हणणे म्हणजे बोलणे नव्हे.

मूल आणखीही काही ऐकत असते. आमच्या आजीला गावात पाटलाचे शेंबडे पोरही ‘ए, तू’ म्हणे. ते त्याला शाळेने शिकवले नव्हते, त्याने घरी ऐकले होते. आपल्या दारात भंगार घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्याला आपण ‘तू’ म्हणतो की ‘तुम्ही’? आईला मुलाने ‘तू’ म्हणावे, ती माया आहे. पण बाप तिला ‘ए’ म्हणून हाका मारत असेल, तर तेही मूल टिपते.

आता काळजीचे. दोन वर्षे झाली तरी मूल दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर ‘बापही उशिराच बोलला होता’ म्हणत बसू नये. आधी कान तपासावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, तपासणी मोफत असते. तारीख सेविकाताईंना विचारून ठेवावी. तोवर थांबवत नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, तिथे सरळ जावे.