वरकसाचा रकाना

कर्जत तालुक्यातल्या एका विविध कार्यकारी सोसायटीत गटसचिव म्हणून माझी २९ वर्षं गेली. दर वर्षी क. म. पत्रक, म्हणजे कर्ज मर्यादा पत्रक, भरायचं. सभासदाचं नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, कर्जाची मर्यादा. शेत उल्हास नदीच्या काठाला आहे, राजनाल्याच्या पाण्याखाली आहे की डोंगरउतारावरचं वरकस आहे, हे त्यात कुठेच लिहायचं नसे. भाताला हेक्टरी दर ठरलेला, तो सगळ्यांना सारखा.

ऑक्टोबर २०१९ मध्ये कापणी होऊन कडपं शेतात पडली होती आणि परतीचा पाऊस थांबत नव्हता. एका सभासदाने मला बांधावर बोलावलं आणि मूठभर लोंब्या हातावर ठेवल्या. दाण्यादाण्याला पांढरे कोंब फुटलेले, लोंब्या एकमेकींत गुंतलेल्या, कुबट वास. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, आता मार्चला काय भरू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं तर कर्जाचं पुनर्गठन करता येतं, हा नियम मला पाठ होता. पण तो नियम नुकसान झाल्यावरचा आहे. कर्ज देताना धोका पाहण्याची सोय आमच्या कागदात नव्हती.

म्हणूनच रिझर्व्ह बँक आपल्या घरात हवामानाचं काम कुणाकडे सोपवते, हा मला आमच्या बांधावरचा प्रश्न वाटतो. एप्रिल २०२१ मध्ये ती मध्यवर्ती बँकांच्या हवामानविषयक जागतिक जाळ्यात सामील झाली. मे २०२१ मध्ये तिने नियमन विभागात शाश्वत वित्त गट नेमला. २०२२ मध्ये चर्चापत्र काढलं आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी बँकांनी हवामानाची जोखीम कशी जाहीर करावी याचा मसुदा दिला. संचालक मंडळाची देखरेख कशी, वरिष्ठ अधिकाऱ्यांची जबाबदारी कोणती, हे प्रत्येक बँकेने सांगावं असं तो म्हणतो. ही मागणी योग्य आहे, आणि मी तिचं मनापासून स्वागत करतो.

पण हा मसुदा व्यापारी बँका, १० हजार कोटींहून जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका, नाबार्डसारख्या अखिल भारतीय संस्था आणि मोठ्या वित्त कंपन्यांपाशी थांबतो. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका त्यात नाहीत. कर्जत-खालापूरच्या भातशेतकऱ्याचं पीक कर्ज जिल्हा बँक आणि सोसायटी याच वाटेने येतं. पाऊस जिथे पहिल्यांदा आदळतो, तीच पायरी सुटली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या हवामान जोखीम माहिती प्रणालीचंही तेच. तिच्यातली तयार आकडेवारी रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या संस्थांसाठी आहे आणि सोसायटी त्यात मोडत नाही.

याहून मोठा मुद्दा हुद्द्याचा आहे. १९३४ च्या कायद्याने रिझर्व्ह बँकेला शेती-कर्जाचं स्वतंत्र खातं उघडणं बंधनकारक होतं. कलम ५४. बँक १९३५ मध्ये सुरू झाली ती हे खातं घेऊनच. १९८२ मध्ये नाबार्ड आली आणि ते काम तिकडे गेलं. शेतीला कायद्यात जागा होती, म्हणून त्या कामाला माणसं मिळाली आणि जाब विचारायला दार मिळालं. हवामानाचं काम मात्र एका विभागातला गट म्हणून सुरू झालं. युरोपच्या मध्यवर्ती बँकेने २०२१ मध्ये हवामान केंद्र उभारलं तेव्हा माणसं दहाच्या आसपास होती, पण ते थेट अध्यक्षांना उत्तरदायी होतं. माणसं थोडी असली तरी चालतात, उत्तर कुणी द्यायचं ते ठरलेलं असावं लागतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. कुठलीही बँक दरड थोपवू शकत नाही, हे मला कळतं. पण डोंगर कोणता आणि काठ कोणता हे ओळखल्याशिवाय या तालुक्यांत कर्ज देणं आता थांबलं पाहिजे.

माझं मागणं साधं आहे. हवामानाच्या कामासाठी रिझर्व्ह बँकेने स्वतंत्र विभाग करावा, एक डेप्युटी गव्हर्नर नावानिशी जबाबदार धरावा आणि केंद्रीय मंडळाने वर्षातून एकदा घेतलेला आढावा लोकांसमोर ठेवावा. नाबार्डला बरोबर घेऊन जिल्हा बँकांसाठी सोपा, मराठीतला नमुना काढावा.

तोवर आपण थांबायचं कारण नाही. सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सभा असते. तिथे उठून एक ठराव मांडा: क. म. पत्रकात 'काठ, कालवा की वरकस' असा रकाना घाला.