गेलेले दिवस

आपली मराठी भाषा मोठी लाजाळू आहे. गर्भ राहिला असे ती सहसा सरळ म्हणत नाही. 'दिवस गेले' एवढेच म्हणते. हा वाक्प्रचार मी वर्गात कितीदा तरी समजावून सांगितला असेल. त्याचा खरा अर्थ मात्र मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी एका बोटभर पट्टीने शिकवला.

आमची दोन्ही मुले तेव्हा शाळेत होती. तिसऱ्याचा विचार नव्हता. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी अठ्ठावीस गोळ्यांचे पाकीट घेत असे. एकवीस गोळ्या औषधाच्या, सात लोहाच्या. त्या सातांच्या आठवड्यात पाळी यायची. रात्री विरजण लावायचे आणि गोळी घ्यायची, हा नेम मी कधी चुकवला नाही. तेव्हा आपल्याला काळजीचे कारणच नाही, अशी माझी पक्की समजूत!

त्या पावसाळ्यात दूषित पाण्याने दोन दिवस उलट्या-जुलाब झाले. गोळी घेतली खरी, पण ती पोटात ठरली कुठे? हा हिशेब तेव्हा मनात आला नाही. पुढे लोहाच्या आठवड्यात पाळी आली नाही. गोळ्या चालू असताना एखाद्या महिन्यात असे होते, हे मी ऐकून होते. म्हणून नवे पाकीट उघडले. मग सकाळी मळमळू लागले. पित्त असेल म्हणून मोरावळा खाल्ला. छाती जड झाली, दुखू लागली. तो दोष गोळ्यांवर टाकला. दुपारी स्टाफरूममध्ये डोळा लागू लागला. ते वय झाले म्हणून. फोडणीचा वास सोसेना, तेव्हा तेलवाल्याला बोल लावला. प्रत्येक लक्षणाला माझ्याजवळ उत्तर तयार होते!

शेवटी आमच्या जीवशास्त्राच्या बाईंनीच मला हटकले. "अहो, एकदा चाचणी तरी करून पाहा."

"मी गोळ्या घेते की!" मी हसून म्हटले.

"म्हणूनच म्हणते. मळमळ, थकवा, छाती दुखणे हे गोळ्यांनीही होते आणि दिवस गेल्यानेही. नुसत्या लक्षणांवरून तुम्हांला काही कळायचे नाही."

औषधाच्या दुकानात नेमके माझेच दोन विद्यार्थी उभे! मी आधी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या आणि ते गेल्यावर हळूच चाचणीची पट्टी. दुकानदाराने ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली. त्याला शंभर वर्षे उलटून गेली, आणि मराठीची प्राध्यापिका अजून वर्तमानपत्राच्या आड लपते आहे!

दुसऱ्या दिवशी पहाटे पट्टीवर दोन रेघा उमटल्या. ह्यांना दाखवली. हे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तू बस. चहा मी टाकतो."

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. आठवा आठवडा होता. "गर्भ पिशवीतच आहे, हे नशीब," त्या म्हणाल्या. "नळीत असता, तर हा उशीर जिवावर बेतला असता." गोळ्या अगदी नेमाने घेतल्या, तर वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत, पण विसर, उलट्या, क्षयाची काही औषधे असे सगळे जमेस धरले, की सुमारे सात जणींना जातात, हे त्यांनीच सांगितले. नकळत महिनाभर गोळ्या खाल्ल्याची मला धास्ती होती. त्यांनी बाळात व्यंग येते असे आढळलेले नाही, पण आता लगेच थांबवा, असे त्या म्हणाल्या. साधन निकामी ठरल्यास वीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती अविवाहितेलाही आहे, हेही सांगितले. पुढचा निर्णय आम्ही दोघांनी घेतला. तो आमच्या घरातला. इथे लिहिण्याचा नव्हे.

लिहिण्याजोगे आहे ते एवढेच. भगिनींनो, साधन कोणतेही असो, पाळी चुकली किंवा नेहमीपेक्षा फारच थोडी गेली, तर पित्ताला आणि वयाला दोष देत बसू नका. सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करा. एकच रेघ आली आणि शंका उरली, तर आठवड्याने पुन्हा करा. ओटीपोटात एका बाजूला कळ, अंगावर रक्त, घेरी असे काही असले, तर चाचणीसाठीही थांबू नका. तडक दवाखाना गाठा. तांबी बसवलेल्यांना दिवस क्वचितच जातात. पण गेले, तर गर्भ नळीत असण्याची शक्यता अधिक, म्हणून त्यांनी तर विशेष जपावे.

नवे पाकीट उघडल्यापासून पट्टी पाहीपर्यंत माझ्या अठ्ठावीस गोळ्या संपल्या होत्या. 'दिवस गेले' म्हणतात ते असे. माझे अठ्ठावीस दिवस खरोखरच गेले, पाहायचे टाळण्यात!