हिरव्या खुणेची किंमत

परवा आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ पेढे घेऊन घरी आले. त्यांची मुलगी सी.ए.च्या इंटरमीजिएट परीक्षेचे दोन्ही ग्रुप एकदम उत्तीर्ण झाली होती. चहा झाला, आणि मग त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. ‘आता दोन वर्षांची आर्टिकलशिप. नाव कागदावर ठेवून पोरीला क्लासला मोकळं सोडील, असं कुणी आहे का तुमच्या ओळखीत? पैसे नकोत आम्हाला.’ गृहस्थ सज्जन आहेत. आपण काही गैर मागतो आहोत, अशी शंकाही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. मला अस्वस्थ केले ते त्यानेच.

मी याच उमेदवारीतून गेलो आहे. २००६ साली सनदी लेखापालांच्या संस्थेने अभ्यासक्रम बदलला आणि बारावीनंतर सीपीटी ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला आर्टिकलशिपचे दार उघडले. मुदत साडेतीन वर्षांची. पुढच्याच वर्षी, मिसरूडही नीट फुटलेले नसताना, मी जुन्या पनवेलमधल्या एका कार्यालयात दाखल झालो. सकाळी कॉलेज, मग कार्यालय. पहिले सहा महिने बिले आणि व्हाउचरे जुळवणे, झेरॉक्स काढणे, बँकेत चलने भरणे यांतच गेले. आई विचारायची, ‘अरे, तू शिकतोस की हरकाम्या आहेस?’ मलाही उत्तर ठाऊक नव्हते.

ते मिळाले एका पतसंस्थेत. मोठ्या कर्जांच्या फायली पाहून यायला मला पाठवले होते. व्यवस्थापक अगत्यशील. त्यांनी चहा मागवला, छापील यादी पुढे ठेवली आणि ‘फायली वर माळ्यावर आहेत, धुळीत कशाला जाता?’ म्हणाले. अठरा वर्षांच्या मुलाला ‘अहो-जाहो’ केले की तो विरघळतोच. मी यादीवर हिरव्या पेनने बरोबरच्या खुणा केल्या आणि परतलो. सरांनी यादी पाहिली आणि एवढेच विचारले, ‘फायली पाहिल्यास, की फायलींची यादी पाहिलीस?’

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, माळ्यावर चढलो. चौदांपैकी दोन फायली सापडल्याच नाहीत. एकीत तारणाच्या कागदाची नुसती झेरॉक्स होती. त्या तिन्ही नावांपुढे आदल्या दिवशीची माझी हिरवी खूण होती! सरांनी हे सारे अहवालात लिहिले. ते काम पुढच्या वर्षी आमच्याकडे आले नाही. सरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि तोही माझ्या शिक्षणाचाच भाग होता.

लेखापरीक्षण हा शब्द घरातल्या माणसाला दूरचा वाटतो. पनवेलकरांना तो तसा वाटण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इथल्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. बनावट कर्जखात्यांतून पैसा वळवल्याचे आरोप झाले. दोष कोणाचा, ते न्यायालय ठरवील. ठेव विम्याची मर्यादा २०२० साली एक लाखावरून पाच लाखांवर नेलेली होती, म्हणून बहुतेक ठेवीदार तरले. पण निवृत्तीची सगळी पुंजी ज्याने एकाच जागी ठेवली, त्याला पाच लाखांवरच्या रकमेसाठी वाट पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही. बँक असो, पतसंस्था असो की गृहनिर्माण संस्था, आपल्या पैशाची पहिली राखण बऱ्याचदा अशाच एखाद्या विशीतल्या मुलाच्या हाती असते. सही वरिष्ठांची असली, तरी फाईल त्याने उघडलेली असते, किंवा नसते.

जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे आणि ती इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्यावरच सुरू होते. यात तथ्य आहे. आजचा मुलगा आमच्यापेक्षा अधिक शिकून येतो. पूर्वी हाताने जुळवायची बिले आज संगणक जुळवतो. लवकर कमावता होणे मध्यमवर्गीय घराला हवेच असते. मात्र तीन मार्चअखेरांच्या जागी आता दोनच वाट्याला येतात. तळोज्याच्या गोदामात समोरच्या थप्पीमागे खरोखर पोती आहेत की पोकळी, हे मागे जाऊन पाहण्याची सवय पुस्तकातून लागत नाही. दोन वर्षे कमी आहेत की पुरेशी, यावर वाद घालता येईल. ती कागदोपत्रीच काढली, तर वादाला जागाच उरत नाही.

दोष केवळ पालकांचा नाही. परीक्षा कठीण, क्लासची फी भारी. किमान विद्यावेतन शहराच्या लोकसंख्येप्रमाणे ठरते आणि शहर लहान तसे ते कमी. साहजिकच हुशार मूल पनवेलहून मुंबईची लोकल पकडते. आणि आम्ही कार्यालयवाले? मुलांना दोन दोन वर्षे झेरॉक्सच्या यंत्रापाशी उभे करायचे आणि वर ‘हल्लीच्या पोरांना कामाची गोडी नाही’ म्हणायचे, हा आमचा दुटप्पीपणा. पहिल्या महिन्यापासून खरे काम, बरे विद्यावेतन आणि परीक्षेसाठी पुरेशी रजा देणे आमच्या हातात आहे. तेवढे केले, तरी ‘कागदावरच्या’ आर्टिकलशिपचे आकर्षण बरेच ओसरेल.

गृहस्थांना मी नाही म्हटले. मुलीला माझ्या कार्यालयात पाठवा, परीक्षेआधी रजा देईन, असेही सांगितले. ते जरा नाराज झाले. उठता उठता मी विचारले, ‘तुमची ठेव ज्या पतसंस्थेत आहे, तिथल्या फायली अशाच एखाद्या कागदावरच्या मुलाने तपासल्या तर चालेल?’

ते दारात थांबले. चपला घालायला त्यांना नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. सोमवारी सकाळी फोन आला. त्यांचा नव्हता, मुलीचा होता. ‘काका, कामावर कधीपासून येऊ?’