घरचा ऊस फुकटाचा नव्हे

शेतमाल कच्चा न विकता त्याचा घरीच पक्का माल करून विकावा, म्हणजे मधल्या हातांत जाणारा पैसा शेतकऱ्याच्या पदरी पडेल, असा उपदेश हल्ली सभांतून व पत्रकांतून वारंवार ऐकावयास मिळतो. उपदेश खोटा नाही. पण तो करणारे गृहस्थ पहिल्या दोन-तीन वर्षांविषयी सहसा बोलत नाहीत, आणि धंदा बुडावयाचा तो बहुधा त्याच वर्षांत बुडतो. प्रस्तुत लेखकाने तीन हंगामांपूर्वी स्वतःचे लहानसे गुऱ्हाळ घातले. त्या अनुभवाचे चार शब्द वाचक बंधूंपुढे ठेवावेत असे वाटते. त्यांतील बराच भाग आमच्याच चुकांचा आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

पहिल्या हंगामाअखेर आम्ही वही मांडली. गुळव्याची व चुलवणावरील गड्याची मजुरी, ऊसतोड, वाहतूक, चरकाची दुरुस्ती, पुड्यांचे सामान हा खर्च एका बाजूस आणि गुळाची विक्री दुसऱ्या बाजूस. वजाबाकी केली तो चांगला नफा दिसला. घरात आनंदीआनंद झाला, आणि त्या भरात सातबाऱ्यावर बोजा चढवून दुसरी काहील व मोठा चरक घेण्याचे घाटू लागले. आमच्या वडील बंधूंनी वही मागून घेतली, ती शेवटपर्यंत वाचली व एकच प्रश्न विचारला, "अरे, यात ऊस कोठे आहे?"

"ऊस आपल्याच रानातला, दादा. त्याला पैसे कोठे पडले?" असे आम्ही उत्तरलो. दादा काही न बोलता उठून गेले. त्या दिवशी त्यांचा रागच आला होता.

रात्री मात्र झोप येईना. एक टन उसापासून साधारणतः १०० ते ११० किलो गूळ उतरतो. तोच ऊस कारखान्यास घालून टनास ३००० रुपये आले असते असे धरले, तरी किलोभर गुळात २७ ते ३० रुपयांचा नुसता ऊसच झाला. शिवाय घरच्या मंडळींनी पुड्या भरण्यात दोन महिने घालविले, त्यांची मजुरी कोणत्याच रकान्यात नव्हती. चिपाडाचे जळणही आम्ही फुकट धरले होते. तेवढे मात्र बरोबर होते, कारण त्यास आमच्याकडे दुसरे गिऱ्हाईक नाही. हे सर्व मांडताच नफा तर गेलाच, उलट तूट दिसू लागली. गुऱ्हाळ आम्हास पोशीत नव्हते. शेतच गुऱ्हाळास पोशीत होते, आणि वहीत त्याचा मागमूस नव्हता. विकत ऊस घेऊन गूळ करणारा मनुष्य ही चूक करूच शकत नाही, कारण त्याच्या खिशातून रोकड जाते. ही चूक जमीनधारकाचीच आहे.

दुसऱ्या हंगामाने वेगळा धडा दिला. आम्ही हायड्रोस न घालता भेंडीच्या रसाने मळी काढीत असू, त्यामुळे गूळ तपकिरी होई. पेठेत नजर पिवळ्या ढेपेवर. आडत्याने साहजिकच उतरती बोली केली. म्हणून किलोच्या पुड्या बांधून किरकोळ दुकानांत ठेवल्या. दुकानदारांनी माल आनंदाने घेतला, कारण तो उधारीवर होता! पावसाळा लागला, गुळास पाणी सुटले, आणि पैशांऐवजी पुड्या परत आल्या. तेव्हापासून निम्मी रक्कम रोख घेतल्याखेरीज माल द्यावयाचा नाही असा नियम केला. काही दुकाने तुटली. त्यांचे आम्हास दुःख नाही.

अशा प्रसंगी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची कथा हटकून सांगितली जाते. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी तो नांगर घेईनात. १९०३ च्या सुमारास निघालेला हा नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. ही कथा सांगून चिकाटीचे गुणगान केले जाते. चिकाटी होती, यात शंका नाही. परंतु लक्ष्मणरावांच्या धंद्याचा आरंभ १८८८ साली सायकलींपासून झाला होता आणि कडबा कापण्याचे यंत्र नांगराच्या आधी निघाले होते, याकडे सांगणाऱ्यांचे लक्ष जात नाही. नांगर पडून राहिला तरी दुकानास करण्यासारखे दुसरे काम होते. त्यांना थांबता आले ते पुष्कळ अंशी यामुळेच, असे आमचे मत आहे. ज्याने पहिल्याच वर्षी जमिनीवर बोजा चढविला, त्याच्या अंगी चिकाटी कितीही असो, कर्जाचा हप्ता त्याच्यासाठी दोन वर्षे थांबत नाही.

शेतकऱ्यास मात्र हा आधार आयताच असतो. त्याचे शेत हेच त्याचे सायकलीचे दुकान. ते धंद्यात ओतून टाकू नये, आणि त्यातून धंद्यास काय दिले ते लिहून ठेवावे, एवढेच आमचे म्हणणे. किती वर्षे व किती रकमेपर्यंत द्यावयाचे, हेही आधी ठरवावे. तूट दिसू लागल्यावर मनुष्याची बुद्धी आशेच्या बाजूने वकिली करते.

तिसऱ्या हंगामापासून आम्ही उसाचा चौथा हिस्साच गुऱ्हाळास देतो. बाकीचा कारखान्यास जातो. घरच्या उसाचीही वजनाची पावती होते व कारखान्याच्या दराने त्याची रक्कम शेताच्या खात्यावर जमा पडते. नफा थोडा आहे, पण या खेपेस तो खरा आहे. परवा दादांनी वही पुन्हा मागून घेतली, उसाच्या रकान्यावरून बोट फिरविले आणि दुसऱ्या काहिलीची गोष्ट आपणहून काढली. होकार अद्यापि आम्हीच दिलेला नाही.