पाहुण्याच्या ताटाचा भाव



शेतकरी घर सोडतो ते बाजारासाठी, तहसिलीसाठी, दवाखान्यासाठी, नाहीतर वारीसाठी. मोर्चा असला तर मुंबईला. नुसते पाहायला म्हणून आपल्यातला कोणी गावाबाहेर पडल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मागल्या हिवाळ्यात मुंबईचे काम दोन दिवस आधी उरकले आणि पनवेलला मुक्कामाला असलेल्या आम्हा चौघांपुढे शनिवार-रविवार मोकळा पडला, तेव्हा काय करावे ते सुचेना. ज्यांच्याकडे उतरलो होतो ते म्हणाले, "कर्नाळा बघा, कलावंतीण चढा. अर्धी मुंबई येते इथे." वेचणीच्या दिवसांत डोंगर चढायला गेलो होतो, हे गावी कोणत्या तोंडाने सांगायचे? तरी गेलो. जे पाहिले ते आपल्या कामाचे आहे, म्हणून हा लेख.

पनवेल हे जुने बंदर. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून इथे उतरायचा आणि खाडीतून गलबतांनी मुंबईला जायचा. नगरपालिका १८५२ ची. बेने इस्रायल लोकांचे प्रार्थनामंदिर त्याच्याही आधीचे, १८४९ चे. हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आता वाडे पडून इमारती उठल्या आहेत, २०१६ पासून महानगरपालिकाही झाली आहे. जुन्या गावाची खूण म्हणून वडाळे तलाव तेवढा शिल्लक आहे. संध्याकाळी त्याच्या काठावर बसायला बरे वाटते.

गोव्याच्या रस्त्याने निघाले की आधी शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथला, १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. पण फडके पेटले ते किल्ल्याच्या आठवणीने नव्हे. १८७६-७७ चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला. तो दुष्काळ आपल्यासारख्याच कोरडवाहू ज्वारीच्या मुलखातला, सोलापूर, नगर, विजापूरकडचा. पुण्यातल्या सरकारी हिशेबखात्यातला हा कारकून नोकरी सोडून रामोश्यांना घेऊन उठला, १८७९ मध्ये पकडला गेला आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात गेला. आम्ही तिथे अर्धा तास होतो. रस्त्याने मोटारींची रांग चालली होती, एकही थांबली नाही. सगळ्या कर्नाळ्याला पक्षी पाहायला निघालेल्या. पक्ष्यांवर आमचा राग नाही. १९६८ पासूनचे ते अभयारण्य आहे, दीडशेच्या वर जातींचे पक्षी तिथे दिसतात आणि किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका खालून पाहिला तरी मान दुखते. पण ज्वारी पिकवणाऱ्याने शिरढोणला गाडी थांबवावी एवढे मात्र वाटते.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवसाची. पनवेलहून जुन्या पुणे रस्त्याने शेडुंग फाटा, तिथून आत ठाकूरवाडी. पुढे पायवाट. तास-दीड तास चढले की प्रबळमाची. वर उजवीकडे प्रबळगड. याचे जुने नाव मुरंजन, १६६५ च्या पुरंदर तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांत हाही होता आणि कर्नाळाही. डावीकडे कलावंतीण, कातळात खोदलेल्या उंच उंच पायऱ्या, ना कठडा ना दोर. शिमग्याला माचीवरचे आदिवासी त्या शेंड्यावर जाऊन नाचतात. आमच्यापैकी दोघे वर गेले, दोघे निम्म्यातून परतले. परतलेल्यात हे लिहिणारेही आहेत.

माचीवर ठाकरांची घरे. कारवीच्या काठ्यांच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती. अंगणात सतरंजी टाकलेली, भिंतीवर खडूने दर लिहिलेला. चहाचा इतका, लिंबूपाण्याचा इतका, जेवणाच्या ताटाचा इतका, तंबूत रात्र काढायची तर इतका. तांदळाची भाकरी, पिठले, कांदा, खर्डा. आमच्या पुढे शहरातली पोरे बसली होती. त्यातला एक म्हणाला, "मावशी, पाच ताटं आहेत, काहीतरी कमी करा." मावशी चुलीवरून मान न उचलता म्हणाल्या, "पीठ पाठीवर आणलंय बाबा खालून." पोराने मुकाट्याने पैसे मोजले.

भावांनो, आम्ही चौघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. आपल्या आयुष्यात हे कधी घडले आहे काय? १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीचे दिवस आठवा. गाडी रांगेत, बैल उपाशी, ग्रेडर बोंडात बोट घालून प्रत ठरवणार आणि चुकारा मिळेल तेव्हा मिळणार. ती योजना गेली, व्यापारी आला. आता तो ओलावा मोजतो. भाव सांगणारा नेहमी समोरचा, आपण ऐकणारे. आणि इथे एक अंगठाबहाद्दर बाई भिंतीवर भाव लिहिते, तिच्या वाहतुकीचा खर्च त्यात धरते आणि गिऱ्हाईक घाम गाळून तिच्या दारी येऊन तो देते. मध्ये अडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही. फिरायला येणाऱ्यांना आपण रिकामटेकडे म्हणून हसतो. हसू नये. ही बाजारपेठ आहे.

पण ती कोणाच्या हातात राहील, हा प्रश्न आहे. माचीवरून खाली धुरकटात पनवेलच्या इमारती दिसतात. ती जमीन भाताची आणि मिठागरांची होती. १९७० साली सिडको आली, ठाणे-पनवेल-उरणच्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. दि. बा. पाटील यांच्या मागे लोक उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानला गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची गोष्ट मान्य झाली. त्याच मुलखात आता विमानतळ झाला आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. सपाट जमीन सरकारने नेली. डोंगर कोणाला नको होता, म्हणून तो ठाकरांकडे राहिला आणि आज पाहुणा डोंगरावरच येतो आहे.

आता डोंगराच्या पायथ्यालाही भाव आला आहे. रस्त्याने कुंपणे पाहिली, आत हिरवळ, पोहण्याचा हौद, फाटकावर पहारेकरी. पहारेकऱ्याशी बोललो तर जमीन त्याच्याच घराण्याची निघाली. जमीन विकणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि त्या हक्काच्या आड आम्ही कधी येणार नाही. पण विकण्याआधी हिशेब मांडावा. कुंपणाच्या आत रविवारच्या एका रात्रीला काय घेतात, ते विचारावे. तेच अंगण आपले असते तर वर्षाला काय झाले असते, ते काढावे आणि मग सही करावी.

या हिशेबाला दुसरीही बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. माचीवरून समोर इर्शाळगड दिसतो. त्याच्या कुशीत इर्शाळवाडी होती. तीही ठाकरांचीच, गडावर जाणारे तिथेच पाणी प्यायचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला. सत्तावीस प्रेते सापडली, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. वर जायला गाडीरस्ता नव्हता, यंत्र नेता येईना, पावसात चिखल हातांनी उपसावा लागला. ज्या पायवाटेचे पाहुण्यांना कौतुक, त्याच पायवाटेने त्या रात्री मदत चढत होती. वाचलेल्यांसाठी पुढे चौकजवळ सिडकोने नवी वस्ती बांधली. पाहुणे आले म्हणजे गाव सुधारले, असे कोणी सांगू लागले तर त्याला इर्शाळवाडीची आठवण द्यावी. माचीच्या मावशीही सांगत होत्या की जुलैत आभाळ फाटते आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी खाली उतरावे लागते. पाहुण्यांकडून चार पैसे येतात म्हणून रस्ता, पाणी, दरडीची पाहणी ही सरकारची कामे माफ होत नाहीत.

फ्रान्सची हकीकत इथे सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली खेडी ओस पडू लागली. १९५१ साली आल्प्सच्या दक्षिण भागात एका जुन्या घरात पहिला ग्रामीण मुक्काम सुरू झाला आणि १९५५ साली अशा घरमालकांचा देशव्यापी संघ उभा राहिला. पडकी घरे दुरुस्त करायला कर्ज मिळाले. आज तिथल्या जुन्या गावांत शहरातली माणसे आठवडा आठवडा राहतात, सायकली हाकतात, नदीत होड्या वल्हवतात, द्राक्षाच्या मळ्यातून पायी हिंडतात. घर गावकऱ्याचेच राहते. आपल्याकडे २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कागद वाईट नाही. पण नोंदणीच्या दाखल्यांसाठी चपला झिजवायच्या असतील, तर माचीच्या मावशींचा खडू बरा.

आपल्याकडे काय आहे? कपाशी पाहायला कोणी येणार नाही, आणि आलाच तर बोंडअळी पाहून पळेल. पण ज्वारी आहे. शहरातली माणसे हुरड्यासाठी पुण्याच्या, संभाजीनगरच्या आसपास ताटाप्रमाणे पैसे मोजतात. नरनाळा, गाविलगड, माहूर, लोणार आपल्या दारात आहेत. तिथे जाणारा माणूस आपल्या धुऱ्यावरून जातो आणि डबा मात्र शहरातून आणतो. गोवऱ्यांचा आर, सुरतीची कणसे, तिळाची चटणी, ताक. यात बाहेरून आणायचे मीठ तेवढे.

तेव्हा येत्या जिल्हा बैठकीत, किल्ल्याच्या किंवा देवस्थानाच्या वाटेवर ज्यांची शेते आहेत त्यांनी हात वर करावा. ज्वारी हुरड्यात कधी येते, दोन खाटा टाकायला जागा आहे काय, विहिरीला माघात पाणी असते काय, एवढे सांगावे. दर काय लावायचा हे मात्र आम्हाला विचारू नये.