काटा माळ्यावर टाका

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले की आपण स्टेटस टाकतो. तिसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही, की बूट पलंगाखाली. वर म्हणायचं, ‘मोटिव्हेशनच राहिलं नाही रे!’

साफ खोटं. ते दोन किलो म्हणजे बहुतांशी पाणी होतं. शरीरात साठलेल्या ग्लायकोजेनच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की आधी तेच जातं. चरबी सावकाश उतरते. म्हणजे पाणी गेलं तेव्हा आपण नाचलो आणि चरबी उतरायला लागली तेव्हा पळालो. मीही दोनदा पळालोय.

मोटिव्हेशनचे रील्स बघून हे सुटत नाही. मोजमापच चुकीचं आहे. पहिले दोन महिने रोज एवढंच लिहा : आज चाललो? हो किंवा नाही. बस्स.